रक्त आलं म्हणून ब्रश थांबवू नका : हिरड्यांविषयी वाचकांचे प्रश्न

हिरड्यांविषयी आलेल्या पत्रांत एक वाक्य पुन्हा पुन्हा दिसलं : 'रक्त येतं म्हणून त्या बाजूला ब्रश फिरवत नाही.' म्हणून सुरुवात तिथूनच केली आहे. सारख्या आशयाची पत्रं एकत्र केली आहेत आणि पत्रलेखकांची नावं दिलेली नाहीत.

प्रश्न : वय ३४. दोन महिन्यांपासून ब्रश करताना फेस गुलाबी होतो. दुखत काहीच नाही. खालच्या पुढच्या दातांपाशी रक्त जास्त येतं, म्हणून तिथं बोटानंच पेस्ट लावतो आणि मिठाच्या पाण्याच्या गुळण्या करतो. सी व्हिटॅमिनच्या गोळ्याही घेऊन झाल्या. फरक नाही. (नाशिक)

उत्तर : त्या जागी ब्रश नीट पोहोचत नाही म्हणून रक्त येतं, आणि आता तर तुम्ही तो पूर्णच थांबवला आहे. दात आणि हिरडी जिथं भेटतात त्या कडेवर जिवाणूंचा पांढुरका, चिकट थर बसतो. दाताच्या मुळाशी नख फिरवलं की नखावर येतो तो हाच. तो रोज निघाला नाही की शरीर त्याच्याशी लढायला हिरडीतला रक्तपुरवठा वाढवतं. बारीक रक्तवाहिन्या फुगतात, हिरडीच्या आतल्या बाजूचं अस्तर पातळ होतं आणि जागोजागी उघडं पडतं. मग ब्रशचा केस लागायचाच अवकाश. दुखत नाही, म्हणून माणूस निर्धास्त राहतो. हिरड्यांच्या आजाराची सगळ्यात वाईट खोड हीच आहे.

१९६५ साली डेन्मार्कमधल्या आर्हूस इथं हॅराल्ड लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी निरोगी हिरड्यांच्या १२ जणांना दात घासणं पूर्ण बंद करायला सांगितलं. १० ते २१ दिवसांत सगळ्यांच्या हिरड्या सुजल्या. घासणं पुन्हा सुरू केल्यावर आठवडाभरात त्या पूर्ववत झाल्या. तुमचा त्रास याच टप्प्यावर असेल, तर तोही असाच पूर्ण बरा होऊ शकतो.

ब्रश मऊ केसांचा आणि लहान डोक्याचा घ्या. मुठीत न धरता पेनासारखा बोटांत धरा, म्हणजे जोर आपोआप कमी होतो. केस हिरडीच्या दिशेनं तिरपे, साधारण ४५ अंशांत टेकवा. निम्मे दातावर, निम्मे हिरडीच्या कडेवर. जागा न सोडता तिथल्या तिथं बारीक थरथर द्यायची, दोन दातांना आठ-दहा वेळा, आणि मग ब्रश दाताच्या टोकाकडे वळवून घ्यायचा. असं केलं की केसांची टोकं हिरडीच्या कडेखाली जेमतेम १ मिलिमीटर जातात, आणि थर तिथंच असतो. खालच्या पुढच्या दातांच्या जिभेकडच्या बाजूला ब्रश उभा धरा. आडवा ब्रश त्या वळणात बसतच नाही. पूर्ण तोंडाला २ मिनिटं, दिवसातून दोनदा. एखाद्या दिवशी एकदाच जमणार असेल तर रात्रीचं चुकवू नका, कारण झोपेत लाळ कमी होते आणि जिवाणूंना मोकळं रान मिळतं. केस फाकले की ब्रश बदला. तीन महिन्यांत ते फाकतातच. महिन्याभरातच फाकत असतील तर तुमचा हात जड आहे.

पहिले तीन-चार दिवस रक्त जास्त येईल. घाबरू नका, त्याच जागी नीट घासत राहा. आठ-दहा दिवसांत ते कमी व्हायला हवं. दोन आठवड्यांनीही येत असेल तर तिथं कडक झालेलं कीटण आहे असं समजा आणि दंतवैद्यांकडे जा. खालच्या पुढच्या दातांमागे ते लवकर साचतं, कारण जिभेखालच्या लाळनळ्या तिथंच उघडतात आणि लाळेतलं कॅल्शियम त्या मऊ थरात उतरतं.

गुळण्यांनी सुजेला तात्पुरता आराम पडतो, थर निघत नाही. सी व्हिटॅमिनची गोळी कमतरता असणाऱ्यालाच उपयोगी. मात्र न घासताही आपोआप रक्त येत असेल, थांबत नसेल, सोबत ताप, अंगावर लाल-जांभळे ठिपके किंवा विलक्षण थकवा असेल, तर दंतवैद्यांच्या आधी फॅमिली डॉक्टरांकडे जाऊन त्याच दिवशी रक्ततपासणी करून घ्या. डेंग्यूत प्लेटलेट्स उतरतात तेव्हा आणि रक्ताच्या कर्करोगातही पहिली खूण कधी कधी हिरड्यांवरच दिसते.

प्रश्न : मशीननं दात साफ केले की दात हलायला लागतात आणि फटी पडतात असं आमच्याकडे सगळेच सांगतात. माझ्या वहिनींच्या बाबतीत हे खरंच झालं. सफाईनंतर त्यांचे दात थंड पाण्यालाही सणकतात. मग करावं की नाही? (पिंपरी)

उत्तर : वहिनींना जे जाणवलं ते खरं आहे, पण त्याचं कारण मशीन नव्हे. बोअरच्या पाण्यानं बादलीला क्षाराचा पापुद्रा बसतो, तसं कीटण दातांच्या मुळांना धरून बसतं आणि शेजारच्या दोन दातांमधली जागाही भरून टाकतं. त्याच्याखाली हाड हळूहळू झिजत असतं. हाड गेलेला दात त्या कीटणाच्या आधारानं उभा राहतो आणि सुजलेली हिरडी फट झाकून ठेवते. कीटण काढलं की खोटा आधार जातो, सूज उतरली की हिरडी आक्रसते, आणि आधीच झालेलं नुकसान उघडं दिसतं. सफाई आणखी पाच वर्षं पुढे ढकलली असती तर फट कमी दिसली असती, पण हाड आणखी गेलं असतं.

स्केलरचं, म्हणजे सफाईच्या मशीनचं, टोक दात कापत नाही. ते सेकंदाला सुमारे २५ ते ४० हजार वेळा अतिशय सूक्ष्म कंप पावतं आणि त्या धक्क्यानं कीटण तडकून सुटतं. सोबतचं पाणी टोक थंड ठेवतं आणि सुटलेले कण धुऊन नेतं. बिघडतं ते टोक एका जागी दाबून धरल्यामुळे, ते टोकदार बाजूनं दाताला काटकोनात लावल्यामुळे किंवा पाणी कमी सोडल्यामुळे. तेव्हा मुळाला चरे पडू शकतात. हा हाताचा दोष झाला आणि शिकलेल्या हाताकडून तो होत नाही.

सणक येते कारण इतके दिवस कीटणाखाली झाकलेलं मूळ उघडं पडतं. मुळावर इनॅमल नसतं. सणक बहुधा काही दिवसांत, फार तर तीन-चार आठवड्यांत ओसरते. ५ टक्के पोटॅशियम नायट्रेट असलेली पेस्ट रोज दोनदा वापरा, रात्री घासून झाल्यावर बोटानं तीच थोडी उघड्या मुळावर लावून ठेवा आणि लगेच चूळ भरू नका. परिणाम दिसायला दोन ते चार आठवडे लागतात. दोन दिवसांत फरक नाही म्हणून ट्यूब टाकून देऊ नका.

सफाई 'दर सहा महिन्यांनी' हा सर्वांना एकच नियम नाही. हिरड्या निरोगी आणि हात चांगला असेल तर वर्षातून एकदाही पुरते. हाड गेलेल्यांना तीन ते चार महिन्यांनी लागते.

प्रश्न : वय ५१, बारा वर्षांपासून मधुमेह. तोंडाला वास येतो, वरच्या दोन दाढा हलतात. एका ठिकाणी 'पायोरिया आहे, डीप क्लीनिंग करू' म्हणाले, दुसरीकडे थेट 'फ्लॅप सर्जरी' सांगितली, तिसरीकडे 'दाढा काढून इम्प्लांट बसवा' असा सल्ला मिळाला. कुणाचं ऐकू? (कोल्हापूर)

उत्तर : कुणाचंही ऐकण्याआधी तुमच्या हिरड्या मोजल्या का, ते विचारा. हिरड्यांच्या आजाराचा उपचार आकड्यांवर ठरतो, नुसत्या पाहण्यावर नाही.

मोजणी साधी असते. मिलिमीटरच्या खुणा असलेली, बोथट टोकाची बारीक सळई हिरडी आणि दात यांच्यामध्ये अलगद सरकवतात. प्रत्येक दाताला सहा जागी, तीन बाहेरून आणि तीन आतून. २८ दात असतील तर १६८ आकडे. निरोगी जागी सळई १ ते ३ मिलिमीटर जाते. ४ किंवा जास्त गेली आणि रक्तही आलं तर तिथं पॉकेट तयार झालं आहे, म्हणजे हिरडी मुळापासून सुटली आहे. ६ किंवा पुढचा आकडा असेल तर तिथं ब्रशच काय, कुठलंच घरगुती साधन पोहोचत नाही. सोबत हाडाची पातळी पाहायला एक्स-रे लागतो. हलणाऱ्या दाढांचा आरव्हीजी, म्हणजे दोन-तीन दातांचा छोटा एक्स-रे हवा, नुसत्या ओपीजीवर, म्हणजे पूर्ण जबड्याच्या एक्स-रेवर, बारीक गोष्टी नीट दिसत नाहीत. हा तक्ता कागदावर मागून घ्या. उपचारानंतर पुन्हा तोच तक्ता काढून शेजारी ठेवला की फरक पडला की नाही, ते तुम्हालाही वाचता येतं. तक्ता न काढताच सर्जरीचा किंवा दात काढण्याचा निर्णय झाला असेल, तर दुसरं मत घ्या.

बहुतेकांना पहिली पायरी एकच : घासण्याची पद्धत सुधारणं आणि डीप क्लीनिंग. यात बधिर करून, हिरडीखाली पॉकेटच्या तळापर्यंत जाऊन, मुळावरचं कीटण आणि जिवाणूंचा थर काढतात. वरवरच्या सफाईपेक्षा हे काम वेगळं आणि वेळखाऊ आहे. अख्खं तोंड वीस मिनिटांत उरकलं असेल तर ते डीप क्लीनिंग नव्हतं. सहसा दोन ते चार बैठका लागतात. त्यानंतर हिरडीला पुन्हा चिकटायला वेळ द्यायचा आणि साधारण तीन महिन्यांनी परत मोजायचं. ४ मिलिमीटरपर्यंत आलं आणि रक्त थांबलं की तिथला उपचार यशस्वी. ४-५ वर अडकलेल्या जागा पुन्हा साफ करतात. ६ च्या पुढं राहिलेल्या जागांसाठी फ्लॅपचा विचार होतो. त्यात हिरडी उचलून मूळ डोळ्यांनी पाहत साफ करतात आणि टाके घालतात. टाके ७ ते १० दिवसांत निघतात. म्हणजे फ्लॅप सांगणारे चुकीचेच होते असं नाही, पण पहिली पायरी गाळली असेल तर घाई झाली.

गेलेलं हाड सगळं परत येत नाही. दोन दातांमध्ये सगळीकडे सारखं उतरलेलं हाड तसंच राहतं. एका बाजूला अरुंद, खोल खड्डा पडला असेल तर हाडाची भुकटी किंवा पडदा घालून काही भाग भरून येऊ शकतो. 'पूर्ण हाड वाढवून देतो' असं कुणी म्हणालं तर ते कुठल्या दाताला आणि एक्स-रेवर कुठं, ते दाखवायला सांगा.

हलणारी दाढ लगेच काढू नका. आडवी १ मिलिमीटरच्या आसपास हलणारी दाढ सूज उतरल्यावर पुष्कळदा घट्ट होते. थोडी जास्त हलत असेल तर शेजारच्या दातांना तारेनं किंवा फायबरनं बांधता येते. वरखालीही दबणारी दाढ मात्र सहसा वाचत नाही. आणि हिरड्यांचा आजार आटोक्यात न आणता इम्प्लांट बसवला तर तेच जिवाणू त्याच्याभोवतीचं हाड खातात. इम्प्लांटला दातासारखा तंतूंचा आधार नसल्यानं तिथं आजार जास्त वेगानं पसरतो.

आता मधुमेह. साखर वाढलेली असली की हिरड्या जंतुसंसर्गाशी नीट लढत नाहीत आणि जखम उशिरा भरते. उलट, हिरड्यांची सतत राहिलेली सूज इन्सुलिनचं काम अडवते. हिरड्यांचा नीट उपचार झाला की तीन-चार महिन्यांनी एचबीएवनसी (मागच्या तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा टक्क्यांतला आकडा) सरासरी ०.३ ते ०.४ नं उतरतं असं अनेक चाचण्यांत दिसलं आहे. गोळ्या बंद करण्याइतकं हे नाही, पण एखाद्या जादा गोळीनं मिळावं इतकं आहे. तुमचा एचबीएवनसीचा ताजा आकडा दंतवैद्यांना सांगा. ७ किंवा जास्त असेल तर आजार वेगानं वाढण्याची शक्यता धरूनच ते उपचार आखतील. भेटीची वेळ सकाळची घ्या. नाश्ता आणि नेहमीचं औषध घेऊनच जा. उपाशी गेलात आणि बधिर झालेल्या तोंडानं जेवण लांबलं तर साखर एकदम उतरू शकते. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर ती स्वतःहून थांबवू नका, फक्त आधी सांगा. ॲस्पिरिन किंवा क्लोपिडोग्रेलवर साधी सफाई आणि डीप क्लीनिंग सहसा गोळी चालू ठेवूनच होतं.

खर्चाची अडचण असेल तर मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर इथली शासकीय दंत महाविद्यालयं, किंवा मुंबईत नायर रुग्णालयाचं दंत महाविद्यालय आहे. तिथं 'पेरिओडॉन्टॉलॉजी', म्हणजे हिरड्यांचा विभाग विचारा. वेळ जास्त जातो, पण मोजणी नीट होते, कारण विद्यार्थ्यांना तक्ता शिक्षकांना दाखवावा लागतो.

प्रश्न : सासूबाई तीस वर्षांपासून मिश्री लावतात. त्यांच्या हिरड्या काळपट आहेत, मुळं उघडी पडली आहेत, पण रक्त कधीच येत नाही. 'मिश्रीनंच माझे दात घट्ट आहेत' असं त्या म्हणतात. आणि मिश्रीशिवाय त्यांचं पोट साफ होत नाही. (सातारा जिल्हा)

उत्तर : रक्त येत नाही, हीच इथली काळजीची गोष्ट आहे. तव्यावर काळी होईपर्यंत भाजून कुटलेल्या तंबाखूतलं निकोटिन हिरडीतल्या रक्तवाहिन्या आकुंचित करतं. आत आजार असला तरी लाली आणि रक्त, या दोन्ही खुणा दबून जातात. विडी-सिगारेट ओढणाऱ्यांचंही असंच असतं. त्यात मिश्री बोटानं घासायची सवय, म्हणजे खरखरीत भुकटीनं हिरडी रोज खरवडली जाते आणि मुळं उघडी पडतात. दात घट्ट आहेत की नाहीत, ते मोजल्याशिवाय सांगता येणार नाही.

हिरड्यांपेक्षाही आधी एक गोष्ट करा. दिवसाच्या उजेडात त्यांच्या ओठांची आतली बाजू, गाल, हिरड्या आणि जिभेच्या कडा नीट पाहा. पुसून न जाणारा पांढरा किंवा लाल चट्टा, दोन आठवड्यांत न भरलेला फोड, कडक गाठ, किंवा तोंड पूर्वीइतकं न उघडणं, यातलं काहीही दिसलं तर लगेच दाखवा. तंबाखूनं तोंडाचा कर्करोग होतो आणि सुरुवातीला तोही दुखत नाही.

सुटायचं कसं? त्यांना रागावून उपयोग नाही. मिश्रीत निकोटिन आहे आणि त्याची सवय शरीराला जडलेली आहे. पोट साफ होण्याचा अनुभवही खरा आहे, निकोटिननं आतड्याची हालचाल वाढते. म्हणून सोडताना सकाळी कोमट पाणी, जेवणात पालेभाजी आणि कोंड्यासकट पिठाची भाकरी-पोळी वाढवा, गरज पडली तर डॉक्टरांना विचारून इसबगोल द्या. दिवसातून चार वेळा लावत असतील तर आधी दुपारची, मग संध्याकाळची अशी एकेक वेळ कमी करा आणि त्या वेळी हातात मऊ ब्रश द्या. हाताला आणि तोंडाला काहीतरी लागतंच. चिडचिड आणि तलफ पहिल्या आठवड्यात सगळ्यात जास्त असते. राष्ट्रीय तंबाखूमुक्ती मदतवाहिनीचा १८००-११-२३५६ हा क्रमांक विनाशुल्क आहे. मिश्री सुटल्यावर काही आठवड्यांत हिरड्यांतून रक्त येऊ लागेल. तेव्हा 'बघ, सोडल्यावरच त्रास सुरू झाला' असं त्या म्हणतील. दबलेली खूण आता दिसू लागली आहे, हे त्यांना आधीच सांगून ठेवा आणि त्याच सुमारास सफाई करून घ्या. घरात कुणी गरोदर असेल आणि मिश्री लावत असेल तर तिच्या बाबतीत एक दिवसही थांबू नका. बाळाचं वजन कमी भरण्याचा धोका असतो.

प्रश्न : रक्तदाबासाठी अ‍ॅम्लोडिपिन सुरू झाल्यापासून सहा महिन्यांत पुढच्या दातांमधल्या हिरड्या फुगून दातांवर आल्या आहेत. गोळी बंद करू का? (ठाणे)

उत्तर : स्वतःहून मुळीच नाही. या गटातल्या गोळ्यांनी काही जणांच्या हिरड्या अशा वाढतात. फिट्सवरच्या फेनिटॉइननं आणि अवयवरोपणानंतर देतात त्या सायक्लोस्पोरिननंही वाढतात. वाढ दोन दातांमधल्या त्रिकोणी टोकापासून सुरू होते आणि कीटण जितकं जास्त तितकी ती जोमानं होते. म्हणून पहिलं काम सफाईचं. काही जणांना तेवढ्यानंच पुष्कळ उतार पडतो. सोबत रक्तदाबाच्या डॉक्टरांना हिरड्या दाखवून, टेल्मिसार्टनसारखी दुसऱ्या गटातली गोळी चालेल का, ते विचारा. गोळी बदलल्यावर काही आठवड्यांत ते महिन्यांत हिरडी ओसरते. उरलेला भाग बधिर करून काढता येतो, मात्र जुनी गोळी आणि जुनं कीटण दोन्ही तसंच राहिलं तर तो पुन्हा वाढतो.

प्रश्न : पाचवा महिना चालू आहे. हिरड्या सुजतात, एका ठिकाणी लाल मांसल गाठ आली आहे, लगेच रक्त येतं. सफाई आता करावी की बाळंतपणानंतर? (पुणे)

उत्तर : आत्ताच करा. गरोदरपणात वाढलेल्या संप्रेरकांमुळे हिरड्या थोड्याशा कीटणालाही खूप प्रतिसाद देतात. दुसऱ्या महिन्यापासून हे जाणवतं आणि आठव्यापर्यंत वाढत जातं. सफाई कुठल्याही महिन्यात चालते. चौथा ते सहावा महिना सोयीचा, कारण उलट्या कमी झालेल्या असतात आणि खुर्चीत बराच वेळ टेकून बसणं जड जात नाही. बधिर करायचं लिग्नोकेन चालतं, अत्यावश्यक असेल तर दाताचा एक्स-रेही चालतो. दुखलं तर पॅरासिटामॉल घ्या. आयबुप्रोफेन स्वतःहून घेऊ नका आणि डॉक्सिसायक्लिन, टेट्रासायक्लिन तर नकोच, त्यांनी बाळाच्या दातांवर कायमचे डाग पडू शकतात. या सफाईनं वेळेआधीची प्रसूती टळते असं मात्र चाचण्यांत ठामपणे दिसलेलं नाही. ती तुमच्या स्वतःच्या हिरड्यांसाठी करायची.

ती गाठ बहुधा कर्करोगाची नव्हे. अशी गाठ प्रसूतीनंतर बहुधा आक्रसते. चावताना मध्ये येत असेल किंवा रक्त थांबत नसेल तरच आधी काढतात. दंतवैद्यांना ती एकदा दाखवा म्हणजे खात्री होईल. उलटी झाल्यावर लगेच ब्रश करू नका, आम्लानं मऊ झालेलं इनॅमल घासलं जातं. ग्लासभर पाण्यात चमचाभर खायचा सोडा घालून चूळ भरा आणि अर्ध्या-एक तासानं घासा.

प्रश्न : डॉक्टरांनी दिलेला क्लोरहेक्सिडिनचा माउथवॉश सहा महिने वापरतोय. दात तपकिरी झाले, चहाची चव लागत नाही. (नागपूर)

उत्तर : तो दोन आठवड्यांपुरताच असतो, बंद करा. ०.२ टक्क्यांचा असेल तर १० मिलिलिटर, न मिसळता, दिवसातून दोनदा, तोंडात अर्धा ते एक मिनिट फिरवून थुंकायचा. सर्जरीनंतर ब्रश लावता येत नाही अशा दिवसांसाठी तो उत्तम. पेस्टमधला फेस आणणारा घटक त्याचा असर मारतो, म्हणून ब्रश आणि माउथवॉश यांत किमान अर्धा तास जाऊ द्यायचा. चहा-कॉफीनं डाग गडद होतात. डाग वरवरचे आहेत, पॉलिशिंगनं निघतील. चवही परत येईल. पॉकेटच्या तळाशी तो पोहोचत नाही, त्यामुळे सहा महिने वापरूनही आतला आजार तसाच असेल. मोजून घ्या.

प्रश्न : कडुनिंबाची काडी, लाल दंतमंजन, तिळाच्या तेलाचे गंडूष यांनी पायोरिया बरा होतो का? (लातूर)

उत्तर : पॉकेट तयार झाल्यावर यातल्या कशानंच नाही. नीट चावून मऊ कुंचला केलेली काडी दाताच्या बाहेरच्या बाजूचा थर काढते, आतली बाजू आणि फटी मात्र राहून जातात. काही लाल मंजनांत गेरू असतो आणि बोटानं चोळल्यावर तो मुळाशी खाच पाडतो. तेल तोंडात धरायला हरकत नाही, पण ब्रशऐवजी नको. लवंगेचं तेल थेट हिरडीवर लावू नका, तिथं भाजल्यासारखी जखम होते.

फटींसाठी पैसे खर्च करायचे असतील तर इंटरडेंटल ब्रशवर करा. ०.४ ते ०.८ मिलिमीटर तारेचे वेगवेगळे आकार मिळतात. फटीत किंचित अडकत जाईल असा निवडा, सैल जाणारा काही साफ करत नाही आणि कोंबावा लागणारा हिरडी दुखावतो. एकाच तोंडात पुढच्या दातांना एक आणि दाढांना दुसरा आकार लागणं नेहमीचं आहे. दात अगदी चिकटलेले असतील तिथं फ्लॉस : ४०-४५ सेंटिमीटरचा तुकडा, करवतीसारखा सावकाश आत न्यायचा, दाताला इंग्रजी 'सी'च्या आकारात गुंडाळून वरखाली दोन-तीनदा फिरवायचा. दातकोरणीनं मात्र कोरत बसू नका.

प्रश्न : हिरडीवर फोड येतो, पू निघून आपोआप बसतो. मेडिकलमधून पाच दिवसांच्या गोळ्या घेतो. वर्षातून तीनदा झालं. (जळगाव)

उत्तर : गोळ्यांनी उठाव दबतो, पण पॉकेटमधलं कीटण तिथंच राहतं, म्हणून फोड त्याच जागी परत येतो. जिवाणू मुळावर चिकट थरात दडलेले असतात आणि औषध तिथवर पुरेसं पोहोचत नाही. तो थर हातानं काढावाच लागतो. पू बाहेर काढणं आणि मूळ साफ करणं हाच उपचार. ताप असेल किंवा सूज पसरत असेल तेव्हाच अँटिबायोटिक जोडतात. फोड हिरडीच्या पॉकेटमधून आहे की दाताच्या नसेतून, हे एक्स-रेशिवाय ठरत नाही, आणि नसेतला असेल तर रूट कॅनाल लागतं. गालावर किंवा जबड्याखाली सूज चढली, तोंड उघडेना, गिळताना त्रास झाला, जीभ वर उचलल्यासारखी वाटली, तर दवाखान्याची वेळ पाहत बसू नका, थेट मोठ्या रुग्णालयाच्या आपत्कालीन विभागात जा. ही सूज श्वास अडवू शकते.

प्रश्न : मुलगा १७ वर्षांचा. दात स्वच्छ दिसतात, तरी वरच्या पुढच्या दोन दातांत फट पडत चालली आहे आणि खालची एक दाढ हलते. एवढ्या लहान वयात पायोरिया होतो का? (सोलापूर)

उत्तर : क्वचित होतो, आणि अगदी असाच दिसतो. पुढचे दात आणि सहाव्या वर्षी येते ती पहिली दाढ, एवढ्याच जागी हाड वेगानं जातं. कीटण फारसं नसतं, त्यामुळे पालकांना आणि कधी कधी डॉक्टरांनाही संशय येत नाही. फट बंद करायला आधी तारा लावू नका. सक्रिय आजारात दात सरकवले तर उरलेलं हाडही जातं. पेरिओडॉन्टिस्टकडून पूर्ण मोजणी आणि एक्स-रे करून घ्या. इथं खोल सफाईसोबत अँटिबायोटिकचा खरा उपयोग होऊ शकतो, पण ते सफाईच्या जोडीनंच, आधी किंवा त्याऐवजी नाही. लवकर सापडलं तर ते दात बहुधा टिकतात. हा आजार एकाच कुटुंबात आढळतो, म्हणून त्याच्या भावंडांची मोजणीही त्याच भेटीत करून घ्या, त्यांना काही त्रास नसला तरी.